साडूच्या गॅलरीखालून

माझे सासरे तब्येतीसाठी चालायला लागले, असं त्यांच्या डॉक्टरांना वाटतं. वाटू दे. ते अजूनही इतर पेशंटना सांगतात, की अमुक एक गृहस्थ आहेत, हार्ट अटॅकनंतर एक दिवस चालणं चुकवलं नाही, त्यांच्याकडून शिका. घरात मात्र आम्हा सगळ्यांना खरं कारण माहीत आहे. त्या कारणापायी केलेला एक अर्ज तर मीच लिहून दिलेला आहे, त्यामुळे मला साळसूदपणा करता येत नाही.

सासरे पाइपांच्या कारखान्यात क्रेन चालवायचे. छपराखालून शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकणारी मोठी क्रेन, तिला लटकलेली काचेची केबिन, आणि तिथवर जायला भिंतीला ठोकलेली उभी लोखंडी शिडी. बेचाळीस पायऱ्या. सकाळी चढायचं, जेवायला उतरायचं, परत चढायचं, संध्याकाळी उतरायचं. बाकी सगळा वेळ बसून. सव्वीस वर्षं ते असे अधांतरी बसले आणि खालची माणसं मुंग्यांएवढी बघत राहिले. कामगार त्यांना घार म्हणायचे. त्या सव्वीस वर्षांत त्यांनी उचललेला भार कुणाच्या केसालाही लागला नाही. स्वतःबद्दल ते एवढी एकच फुशारकी मारत, पण ती दिवसातून दोनदा मारत.

खाली उभं राहून त्यांना इशारे देणारा फोरमन म्हणजे त्यांचा साडू, माझ्या सासूबाईंच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्याच्या गळ्यात कायम शिट्टी, म्हणून त्याचं नाव शिट्टी. मी त्यांना तोंडावर काका म्हणते, पण इथे शिट्टीच म्हणणार. दोघांची आधी दोस्ती होती, सोयरीक नंतर झाली. मेहुणीसाठी हे स्थळ सासऱ्यांनीच सुचवलं होतं. सासूबाई आजही भांडणात हे काढतात.

सासरे चोपन्नाव्या वर्षी कॅन्टीनमध्ये ताट हातात घेऊन उभे असताना कोसळले. दोन स्टेंट घातले. तिसऱ्या दिवशी दुपारी ते डोळे मिटून पडले होते, झोपलेले नव्हते. शिट्टी आणि त्याचा जावई भेटायला आले. हा जावई त्याच कारखान्यात पॅकिंगला होता. खाटेच्या पायथ्याशी उभं राहून शिट्टी जावयाला हळूच म्हणाला, "वर्ष काढलं तरी खूप. तू क्रेनचं लायसन काढून ठेव."

सासऱ्यांनी डोळे उघडले नाहीत. घरी आल्यावर हे त्यांनी आम्हाला सांगितलं, पण तेव्हा त्यांच्या बोलण्यात राग कमी आणि दुखावलेपण जास्त होतं. माणूस घाबरला की काहीबाही बोलतो, असंही ते म्हणाले. चीड आली ती दोन महिन्यांनी कामावर रुजू झाले त्या दिवशी. क्रेनवर जावई बसला होता. सासऱ्यांना हातमोजे-हेल्मेट वाटायच्या खिडकीत बसवलं होतं. ते मॅनेजरकडे गेले, तर मॅनेजरने फाइल उघडून एक कागद दाखवला. आजारपणाच्या आधीच्या तीन महिन्यांत क्रेनचा भार दोनदा हेलकावला, कामगार थोडक्यात बचावले, असा रिपोर्ट होता. खाली शिट्टीची सही.

त्या संध्याकाळी ते बूट न काढताच खुर्चीत बसले. सासूबाईंनी पाणी दिलं, ते तसंच राहिलं. ग्लासाकडे बघत म्हणाले, "दोनदा हेलकावला म्हणे. सव्वीस वर्षं पुसून टाकली एका ओळीत." मग माझ्याकडे वळून त्यांनी डॉक्टरांचा कागद मागितला. त्या कागदावर औषधांच्या खाली चालण्याचं लिहिलेलं होतं: आधी पाच-पाच मिनिटं, मग हळूहळू वाढवत रोज अर्धा तास. तोवर ते दारापासून गल्लीच्या तोंडापर्यंत जायचे आणि आजचं झालं म्हणून परत यायचे. त्या दिवशी कागद दोनदा वाचून ते म्हणाले, "वर्ष म्हणाला ना तो? बघू कोण किती काढतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते जे निघाले ते तणतणतच. वीस मिनिटं झाली तरी परतले नाहीत. मग कोपऱ्यावरच्या न्हाव्याचा फोन आला. सासरे त्याच्या दुकानाच्या पायरीवर छाती धरून बसले होते. मी धावत गेले, जिभेखाली गोळी ठेवली, रिक्षा करून दवाखान्यात नेलं. नशिबाने काही झालेलं नव्हतं. डॉक्टरांनी त्यांना चांगलं फैलावर घेतलं. हृदयाला सवय लावायची असते, त्याला हाकायचं नसतं, असं म्हणाले. छातीत आवळलं की थांबायचं, बसायचं, लपवायचं नाही. आणि वेग किती, तर चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य मध्ये तुटलं तर समजायचं की आपण जास्त पळतोय.

पुढचा महिनाभर गोळीची डबी घेऊन मी त्यांच्याबरोबर चालले. ते वाक्य कोणतं बोलत होते हे मला तेव्हा कळलं. "खोटारडा, लाळघोट्या, दुसऱ्याच्या ताटावर टपलेला, जावयाला शिडी धरणारा." हे एका दमात म्हणायचं. मध्ये धाप लागली की पावलं सावकाश करायची आणि परत पहिल्यापासून सुरू करायचं. पहिल्या आठवड्यात ते 'ताटावर' इथेच अडकायचे. तिसऱ्या आठवड्यात शिडीपर्यंत पोचले. मग त्यांनी वाक्य वाढवलं. त्यात शिट्टीच्या टकलाचा समावेश झाला, त्याच्या हसण्याचा झाला, आणि बरोबर लहान मूल चालत असेल तर बोलता येणार नाहीत अशाही काही गोष्टींचा झाला. समोरून ओळखीचं कुणी आलं की ते गोड हसून नमस्कार करायचे आणि माणूस मागे पडला की सोडलेल्या शब्दापासून पुढे चालू.

रोज विजेचा एक खांब वाढवायचा असा त्यांचा हिशेब होता. न्हाव्याचं दुकान, मग पंक्चरवाला, मग शाळेची लांब भिंत, मग लोखंडी पादचारी पूल. पुलाचे जिने त्यांनी सुरुवातीला टाळले. पुलापलीकडे दुसऱ्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, शिट्टीचं घर होतं. मला वाटायचं हा योगायोग.

अडीच महिन्यांनी एका सकाळी त्यांनी पूल ओलांडला. शिट्टी गॅलरीत उभा राहून दिवसाची पहिली सिगरेट ओढत होता. सासरे बरोबर खाली जाऊन थांबले. मनगटावर दोन बोटं ठेवली, घड्याळात बघत नाडी मोजली, पूर्ण एक मिनिट. मग वर पाहिलं. शिट्टीही पाहत होता. सासरे वळले आणि त्याच चालीने परत निघाले. घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं, की आज पहिल्यांदा चहाला चव आहे.

त्यानंतर हे रोजचंच झालं. साडेसहाला ते गॅलरीखाली हजर. नाडी मोजायची, वर बघायचं, परत फिरायचं. पंधरा-वीस दिवसांनी शिट्टीने सिगरेट स्वयंपाकघरात ओढायला सुरुवात केली. मावशीने, म्हणजे त्याच्या बायकोने, फोनवर तक्रार केली की सगळ्या भांड्यांना वास येतो, यांना काय झालंय कळत नाही. सासूबाईंना कळत होतं, पण त्यांनी बहिणीला भांडी लिंबाने घासायला सांगितलं. गॅलरी रिकामी दिसू लागल्यावर सासरे खाली दूधवाल्याशी मोठ्याने गप्पा मारायला लागले. तब्येत कशी छान आहे, जिने कसे सहज चढतो, डॉक्टर कसे खूश आहेत. दूधवाल्याने यातलं काहीही विचारलेलं नसायचं.

पण डॉक्टर खूश होते हे खोटं नव्हतं. सहा महिन्यांनी वजन नऊ किलोने उतरलं होतं. ब्लड प्रेशरच्या दोन गोळ्यांपैकी एकीचा डोस डॉक्टरांनी स्वतःहून निम्मा केला. बाकीच्या गोळ्या मात्र सोडायच्या नाहीत, असं बजावलं. रोजच्या चालण्याने रक्तवाहिन्या लवचीक राहतात, तेवढंच रक्त ढकलायला हृदयाला कमी जोर लावावा लागतो, असं त्यांनी समजावून सांगितलं. सासरे लक्षपूर्वक ऐकत होते. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "म्हणजे मी त्याच्यापेक्षा किती जास्त जगेन, हे काढता येतं का?"

मग त्यांनी क्रेन परत मागितली. कारखान्याने स्ट्रेस टेस्ट करायला सांगितलं. छातीला तारा लावून चालत्या पट्ट्यावर उभं करतात, पट्टा हळूहळू वेग आणि चढ वाढवत पळायला लागतो. सासरे अकरा मिनिटं चालले. त्यांचे ओठ हलत होते. टेक्निशियनला वाटलं, देवाचं नाव घेतायत. रिपोर्ट स्वच्छ आला, हृदयाच्या डॉक्टरांनी शिडी चढायला हरकत नाही असं लिहून दिलं. तरी मॅनेजर म्हणाला की जागा भरलेली आहे, आणि तुमच्याविषयीचा तो जुना रिपोर्टही आहेच.

त्या रविवारी सासऱ्यांनी मला कारखान्याच्या नियमांची पुस्तिका आणून दिली. मी शाळेच्या ऑफिसात काम करते, नियम वाचायची मला सवय आहे. त्यांना काय हवं होतं ते एकविसाव्या पानावर सापडलं. उंचावर काम करणारे आणि टांगलेल्या भाराजवळ उभं राहून इशारे देणारे, असे पन्नाशी ओलांडलेले सगळे कामगार, यांची दरवर्षी तीच तपासणी झाली पाहिजे. कित्येक वर्षांत ती कुणी केलेली नव्हती.

"भाराजवळ उभे राहणारे पन्नाशीच्या पुढचे किती आहेत?" मी विचारलं.

"एकच," ते म्हणाले.

मी अर्ज लिहिला. सुरक्षेचा मुद्दा असल्यामुळे नियमाची त्वरित अंमलबजावणी व्हावी, एक प्रत वरिष्ठ कार्यालयाला. छान लिहिला. लिहिताना मजा आली, हे कबूल करते. मावशीला चारचौघांत कायम टाकून बोलणारे काका, लग्नात माझ्या माहेरच्यांना नावं ठेवणारे काका, तेही त्या अर्जात थोडेसे होतेच. सासऱ्यांनी खाली सही केली, आणि सहीखाली पूर्ण नाव ठळक अक्षरात काढलं.

शिट्टी पट्ट्यावर चार मिनिटंही टिकला नाही. डॉक्टरांनी मशीन बंद केलं, त्याला तिथेच आडवं केलं आणि घरी जाऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफी झाली. तीन ठिकाणी ब्लॉक होते. त्यातला एक इतका वाईट होता की हा माणूस चालताबोलता कसा होता, याचंच डॉक्टरांना नवल वाटलं. त्याच आठवड्यात बायपास झाली.

बातमी आली तेव्हा सासरे ताटावर होते. जेवले नेहमीसारखे. दहा दिवसांनी मावशी आमच्याकडे आली. दारातच रडायला लागली. तिने सासऱ्यांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, तुम्ही तो अर्ज केला नसता तर हे महिन्याभरात शेडमध्येच गेले असते, डॉक्टरच म्हणाले, तुमचे उपकार कसे फेडू. सासरे हात सोडवून घ्यायचा प्रयत्न करत होते आणि ती सोडत नव्हती. मी चहा करायच्या निमित्ताने आत पळाले.

ती गेल्यावर ते खिडकीशी उभे राहिले. चिडलेले होते, इतके चिडलेले मी त्यांना अख्ख्या वर्षात पाहिलं नव्हतं.

"मी त्याला वाचवायला अर्ज केला नव्हता," ते म्हणाले.

सासूबाई म्हणाल्या, "मग काय करायला केला होतात?"

यावर ते चप्पल घालून बाहेर गेले आणि दीड तासाने आले.

शिट्टीशिवाय जावयाचं क्रेनवर निभलं नाही. त्याला शिडी चढताना चक्कर यायची, हे शिट्टीच्या धाकाने त्याने लपवलं होतं. तो आनंदाने पॅकिंगला परत गेला. दुसरा ऑपरेटर नसल्याने मॅनेजरला तो जुना रिपोर्ट बाजूला ठेवावा लागला, आणि सासरे पुन्हा बेचाळीस पायऱ्या चढले. मध्ये न थांबता चढले, असं त्यांनीच सांगितलं, आणि कामगारांनीही सांगितलं. आणि तीन महिन्यांनी शिट्टी कामावर आला तेव्हा त्याला हातमोजे-हेल्मेटच्या खिडकीत बसवलं गेलं. बायपासनंतर त्याला भाराजवळ उभं करायला कुणी तयार नव्हतं.

सासरे दर चार दिवसांनी सकाळी त्या खिडकीसमोर रांगेत उभे राहायचे. नंबर आला की म्हणायचे, "एक जोडी. नऊ नंबर." आधी त्यांना हातमोज्यांची जोडी दीड महिना पुरायची. आता चार दिवसांत फाटायला लागली. शिट्टी जोडी काढून द्यायचा, रजिस्टर पुढे करायचा, सासरे सही करायचे. संपलं. शेडमधले लोक बघायचे आणि मान फिरवून हसायचे. सासरे घरी येऊन हे सगळं रंगवून सांगायचे. माझ्या नवऱ्याला ते आवडेनासं झालं होतं. बाबा, आता पुरे करा, असं तो एकदा म्हणाला. सासरे म्हणाले की पुरे कधी करायचं ते ज्याच्यावर बेतलं त्याने ठरवायचं.

मग मावशी पुन्हा आली. शिट्टी कामावरून घरी आला की खुर्चीतून उठत नाही, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय पण पाऊल टाकायला घाबरतो, छातीवरच्या टाक्यांवर हात ठेवून बसून असतो. तुम्ही यांना बरोबर न्याल का, असं तिने विचारलं. सासरे नाही म्हणणार हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. सासूबाईंनी फक्त एवढं म्हटलं, "न्याल." आवाज चढवला नाही. सासऱ्यांनी अट घातली की आपण त्याच्याशी बोलणार नाही.

खरंच बोलले नाहीत. सकाळी गॅलरीखाली जाऊन उभे राहायचे, शिट्टी खाली उतरायचा, हे चालू लागायचे. शिट्टीचं पाऊल गोगलगायीचं. पहिल्या दिवशी दोन खांब, आणि बसला. सासरे त्याच्यासाठी थांबायचे नाहीत आणि सोडूनही जायचे नाहीत. ते गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत यायचे, त्याला ओलांडून मागे जायचे, पुन्हा मागून येऊन ओलांडायचे. शिट्टीचा एक फेरा होईपर्यंत यांचे पाच. दरवेळी अगदी जवळून, खांद्याला खांदा लागेल इतक्या जवळून जायचे. असे दोन महिने काढले शिट्टीने. मान खाली घालून, पण रोज उतरला. हे मात्र सासऱ्यांनीही मान्य केलं.

एके सकाळी शिट्टी पुलाच्या पहिल्या पायरीवर बसला आणि स्वतःहून बोलला. हे सगळं मला सासऱ्यांनी त्याच दिवशी शब्दन् शब्द सांगितलं.

"अर्ज तूच केला होतास."

"सही माझी होती. तुला वाचता यावं म्हणून नाव ठळक लिहिलं होतं."

"मरावं म्हणून केलास?"

"खिडकीत बसावंस म्हणून केला. बाकीचं डॉक्टरांनी केलं."

शिट्टीने जिन्याचा लोखंडी कठडा धरला. मग म्हणाला, "भार हेलकावला नव्हता. एकदाही नाही."

"मला काय सांगतोस? जिथे लिहिलंस तिथे लिही."

त्यानंतर रोज सकाळी सासरे एकच शब्द बोलायचे. गॅलरीखाली शिट्टी उतरला की विचारायचे, "लिहिलंस?" तो नाही म्हणून मान हलवायचा, आणि दोघं चालू लागायचे. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, त्यात असं लिहून देणं म्हणजे आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं, हे शिट्टीला कळत होतं. पाच महिने गेले. दरम्यान तो पूल चढायला लागला होता, शाळेच्या भिंतीपर्यंत यायला लागला होता. शेवटी एका सोमवारी त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढून दिला.

सासऱ्यांनी रस्त्यातच वाचला. 'क्रेनचा भार हेलकावल्याची नोंद कदाचित माझ्या समजुतीच्या चुकीने झाली असावी.' त्यांनी कागदाची पुन्हा घडी घातली आणि परत दिला.

"कदाचित काढ," ते म्हणाले. "आणि चूक नव्हती ती. खोटं होतं."

दुसरा कागद यायला आणखी तीन आठवडे लागले. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की मी खोटा रिपोर्ट दिला, जावयाला जागा मिळावी म्हणून दिला, त्या ऑपरेटरच्या हातून कधीही चूक झालेली नाही. शिट्टी तो स्वतः मॅनेजरकडे घेऊन गेला. मॅनेजरने त्याला लेखी ताकीद दिली, आणि पत्राची प्रत सासऱ्यांच्या फाइलला लावली. एक प्रत नोटीस बोर्डावरही लागली. ती कुणी लावली ते सासरे सांगत नाहीत. मी टाइप केलेली नव्हती, एवढंच मला सांगता येईल.

त्या दिवशी मी त्यांना विचारलं, की आता कसं वाटतंय. मला वाटलं होतं, म्हणतील की पोकळ वाटतंय, उगाच केलं, माणूस शेवटी आपलाच. अशा वेळी लोक असंच म्हणतात.

ते म्हणाले, "छान वाटतंय. फार छान वाटतंय." आणि अंघोळीला गेले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी शिट्टीकडे जाणं बंद केलं. रस्ताच बदलला. आता ते कालव्याच्या बाजूने जातात, पाऊण तास, कधी तासभर. ओठ हलत नाहीत. शिट्टी चालतो की नाही हे ते विचारत नाहीत, पण सासूबाईंनी कुणालातरी सांगितल्यासारखं करून, तो रोज पुलापर्यंत येतो असं मोठ्याने सांगितलं तर त्यांचं पेपर वाचणं थांबतं. निवृत्तीच्या दिवशी शिट्टीच्या निरोप समारंभाला मोजकीच माणसं होती. सासऱ्यांच्या निरोपाला अख्खी शेड आली, क्रेन मध्यभागी आणून तिच्या हुकाला हार घातला होता. शिट्टीने फोन केला नाही, यांनी वाटही पाहिली नाही.

नोटीस बोर्डावरच्या त्या कागदानंतर मावशी आमच्याकडे यायची बंद झाली. यांचे उपकार मानायला आलेली ती, तिने नंतर फोनवर बहिणीला एवढंच सांगितलं की तुझ्या नवऱ्याने माझ्या नवऱ्याला जगवलं ते रोज थोडं थोडं मारायला. सासूबाईंनी हे सासऱ्यांना सांगितलं नाही, मला सांगितलं.

आता दुपारची भांडी झाली की सासूबाई पिशवी घेऊन बाहेर पडतात. त्या वयात, गुडघे दुखत असताना, पंक्चरवाला, शाळेची भिंत, पुलाचे दोन्ही जिने. सासरे विचारतात कुठे निघालीस, त्या म्हणतात, बहिणीकडे. रिक्षा करून देऊ का म्हटलं तर नको म्हणतात. मावशी पहिले काही महिने दार अर्धवटच उघडायची. सासूबाई जिन्यातच बसायच्या, दम घ्यायच्या, आणि तिने आत बोलावलं तर आत, नाहीतर तशाच परत. गेल्या आठवड्यात मावशीने त्यांना पुलापर्यंत पोचवलं, असं त्या म्हणाल्या. पुलावर येऊन दोघी थोडा वेळ उभ्या राहिल्या होत्या.